संमतीचा अल्बम

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सांगली, ११ ऑगस्ट १९७४

चि. चंदनबाला हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. पाच ओळींचं कार्ड. त्यात चार ओळी क्षेमकुशलाच्या आणि पाचवी अशी : "दीक्षेसाठी आपली संमती मिळावी." वाचून मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. आधी राग आला तो "आपली" या शब्दाचा. मी कधीपासून "आपण" झालो गं? जूनपर्यंत तर उठता-बसता मला ऐकवत होतीस, "आप्पा, तुम्हाला काही कळत नाही."

तसं खरंच कळलं नाही. फलटणला चातुर्मासात मुनींच्या संघाची सेवा करते, पंधरा दिवसांत येते, असं सांगून गेलीस. मी स्वतः तुला एस.टी.त बसवलं. खिडकीची जागा मिळावी म्हणून बाहेरून रुमाल टाकला. आईनं दिलेला चिवड्याचा डबा तू शेजारच्या बाईला देऊन टाकलास, तेव्हाच मी जागं व्हायला हवं होतं. हल्ली सगळंच देऊन टाकत होतीस. बांगड्या मावसबहिणीला, सायकल पोस्टमनच्या मुलीला. मी कौतुकानं म्हणत होतो, पोरगी मनानं मोठी आहे. घरातनं निघायची आवराआवर चाललीय हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

नाव ठेवलं तिथंच चुकलं म्हणायचं. महावीरांच्या संघातल्या थोर आर्यिकेचं, साध्वीचं नाव, आजीनं हट्टानं ठेवलेलं. मी सुनंदा म्हणत होतो. माझं कोण ऐकतंय?

मी धर्माच्या आड येणारा माणूस नाही. यंदा महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाण महोत्सवाचं वर्ष, गावोगावच्या देवळांच्या ॲक्रिलिकच्या पाट्या मीच करतोय. महावीरांचं नाव कोरताना माझा हात कधी हलला नाही. पण देवळाला पाटी देणं वेगळं आणि पोटची पोर देणं वेगळं.

वडील हो म्हणेपर्यंत महाराज दीक्षा देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तर मग ऐक. मी तुझा अल्बम करतोय. दुकानातली पारदर्शक शीट असते ना, तिचीच पानं. कागदाच्या वहीत काही चिकटवलं की त्याची मागची बाजू कायमची झाकली जाते. मला तुझी कुठलीच बाजू झाकायची नाही. पाळण्यापासून कॉलेजपर्यंतचं तुझं जे जे घरात उरलंय ते दोन पातळ शीटांच्या मध्ये ठेवणार आणि चारी कडा बंद करणार. हा अल्बम पुरा झाला की मी संमतीवर सही करीन. त्याआधी नाही. आणि घाईचं काम मी करत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आई बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझा,
आप्पा


सांगली, २२ सप्टेंबर १९७४

चि. चंदनबाला हिस आशीर्वाद.

"आपण अल्बम करा, मी वाट बघेन," एवढंच तुझं उत्तर. बघ मग वाट.

ॲक्रिलिकचं एक बरं आहे. घाई केलेली त्याला चालत नाही. करवत जोरात चालवली की ते तापतं, वितळतं आणि कापलेली फट मागच्या मागं पुन्हा चिकटून बसते. म्हणून मी सावकाश कापतोय. भोकं पाडताना गिरमिटावर पाण्याचा थेंब सोडत बसतो. कडा आधी जाड पॉलिश पेपरनं, मग बारीक पेपरनं, मग ब्रासो लावून फडक्यानं. गिऱ्हाइकांच्या पाट्यांना मी एवढं करत नाही. मिरजेचे एक डॉक्टर नावाच्या पाटीसाठी दोनदा येऊन गेले. त्यांना सांगितलं, मुलीचं काम चाललंय. ते म्हणाले, "लग्न का?" मी मान हलवली. काय सांगणार?

चिकटवायला क्लोरोफॉर्म लागतो. सुईनं कडेला एक थेंब सोडला की दोन्ही शीटं आपोआप एक होतात. औषधवाला दर वेळी विचारतो, "सुकुमारशेठ, ऑपरेशन कुणाचं?" परवा म्हटलं, "माझंच."

पहिल्या पानावर तू पाच वर्षांची. मिरजेच्या फोटोवाल्याचा काळा गॉगल घालून रागानं बघतेस. मागं चौथीतल्या अक्षरात तूच लिहिलंयस, "हा फोटो रद्द समजावा." पान उलटलं की तेही वाचता येतं. दुसऱ्या पानावर शाळेची लाल रिबीन. तिसऱ्यावर सिनेमाची दोन तिकिटं. देवळात जातो म्हणून आईला सांगून आपण गेलो होतो ती. आईनं ते पान बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मला ठाऊक होतं." चौथ्यावर ॲक्रिलिकचा तुकडाच. नवी कोरी शीट पाडून फोडलीस आणि त्याच तुकड्यावर खिळ्यानं कोरलंस, "आप्पा रागावू नका."

एक घोटाळाही झाला. तुझा दहावीतला निबंध आत घातला आणि क्लोरोफॉर्म जरा जास्त गेला. बॉलपेनची शाई विरघळून सगळीकडं पसरली. आता नुसता निळा डाग आहे. मी दुकानात एकटा होतो म्हणून बरं, नाहीतर जे बोललो ते जैनाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. पान तसंच ठेवलंय. टाकवेना.

शेजारच्या अंबूबाई बघायला आल्या. त्यांचा जोतिबा पलटणीत आहे, सध्या काश्मीरकडं. तुझं गॉगलवालं पान त्यांनी उन्हात धरलं आणि म्हणाल्या, "लय ग्वाड दिसतीया ओ पोरगी. पर आण्णा, माझा जोतिबा वरसातनं एकदा तरी रजंवर येतोय. ह्या तुमच्या पलटणीत रजा मिळती का न्हाई?"

मी म्हटलं, "नाही मिळत, अंबूबाई."

त्या उठल्या. घरी जाऊन वाटीभर आंब्याचं लोणचं पाठवलं. आई नेमाची, ती खात नाही. मी एकट्यानं संपवलं.

तुझा,
आप्पा


सांगली, १९ नोव्हेंबर १९७४

चि. चंदनबाला हिस आशीर्वाद.

दिवाळी झाली. पहाटे देवळात निर्वाणलाडू चढवला. परत येताना सवयीनं मी मागं वळून म्हटलं, "चल गं लवकर." मागं दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी होती, तीच घाबरून लवकर चालायला लागली.

अल्बम चाललाय. खरं तर पानं मागंच भरली. आता मी नवी शोधून काढतोय. धोब्याच्या चिठ्ठीवर तुझं अक्षर सापडलं, तिचं पान केलं. कॉलेजचा पास, त्याचं केलं. "आई, विरजण लावलंय, हलवू नको" अशी एक चिठ्ठी फडताळात होती, तिचंही केलं. काल आई कमरेवर हात ठेवून दुकानातच आली.

"आवं, हे काय चालवलंय तुम्ही? उद्या तिच्या चपलेचा अंगठा चिकटवाल."

खरं सांगू? अंगठा मी बाजूला काढून ठेवलाय. फक्त तो जाड आहे, दोन शीटांत मावत नाही.

आईला वाटतं मी तुझ्याशी खेळ करतोय. खेळ नाही हा. रोज दुकानाचं फळकूट उघडताना मनाशी म्हणतो, अजून एक पान झालं की पोरीला कंटाळा येईल. थंडी पडेल, पाय फुटतील, घरची उशी आठवेल. तू लहानपणी रुसून अंबूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायचीस. मी आणायला यायचो नाही. दिवेलागणीला आपली आपण यायचीस. मी त्याच हिशेबानं बसलोय.

आई या आठवड्यात फलटणला येतेय. मी येणार नाही. आलो तर तुला हाताला धरून ओढीन आणि सगळ्या समाजापुढं शोभा होईल.

इतकं लिहिलं, पण लिहायचं होतं एवढंच. चंदा, घरी ये. लग्न नको तर नको, कोण करायला लावतंय? रोज देवळात बस, स्वाध्याय कर, पांढरं नेस. मी शब्दानं बोलणार नाही. फक्त माझ्या घरात राहून कर.

आप्पा


सांगली, २ डिसेंबर १९७४

चंदा,

आई काल आली. पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. तू सांगू नको म्हणाली होतीस, पण तिनं सांगितलं.

मीठ सोडलंस. दूध, तूप, तेल, गूळ, सगळं सोडलंस. दिवसातनं एकदा अळणी भाकरी आणि पाण्यात शिजवलेली डाळ. कधीपासून, तर ऑगस्टपासून. का, तर आप्पांचा अल्बम होईपर्यंत. तुमच्या लीलाबाई ब्रह्मचारिणी, ज्या सगळ्या बायकांची व्यवस्था बघतात, त्यांनी समजावलं तरी ऐकलं नाहीस म्हणे. आईनं तुझा दंड केवढा राहिलाय ते आपल्या दोन बोटांनी दाखवलं. मग ती बोटं तशीच धरून बसली.

मी इकडं कडा घासत बसलो होतो. मला वाटत होतं, एकेक पान वाढवून तुला घराजवळ आणतोय. आणि तू तिकडं त्या एकेका पानापायी अळणी जेवत होतीस. मला एका ओळीनं तरी कळवायचं होतंस. पण कळवलं असतंस तर ती तुझी अडवणूक झाली असती, आणि अडवणूक करणाऱ्यातली तू नव्हेस. ती मी करत होतो.

सकाळी बसलो तो उरलेल्या सगळ्या कडा चिकटवूनच उठलो. पितळी कड्या घातल्या. अल्बम पुरा झाला. संमतीच्या कागदावर माझी आणि आईची सही आहे, तो याच पाकिटात घातलाय.

पत्र मिळाल्या मिळाल्या मीठ घे. तोवर तुमची जेवणाची वेळ टळली असेल तर दुसऱ्या दिवशी घे. पण घे.

आप्पा


सांगली, १२ फेब्रुवारी १९७५

प. पू. आर्यिका निर्मोहमती माताजींच्या चरणी सुकुमार व सौ. राजमती यांचे सविनय वंदामि.

मायना, आपल्या नव्या नावासकट, लीलाबाईंनी सांगितला तसा लिहिलाय. दोनदा खोडला, हा तिसरा कागद. आता आपल्याला वंदन करायचं, आशीर्वाद द्यायचा नाही. तो आपण द्यायचा. काही दिवसांत सवय होईल, असं लीलाबाई म्हणाल्या. त्यांना मुलगी नाही.

आम्ही सुखरूप पोचलो. आई वाटभर पदराची गाठ धरून होती. तिच्या पदरात आपले केस होते. दीक्षेच्या मांडवात आपण स्वतःच्या हातानं ते उपटत होतात आणि आई खाली पदर धरून बसली होती. आदल्या दिवशी त्याच केसांत मोगरा माळून, नवरीसारखं नटवून आपली मिरवणूक काढली होती. बघणारे म्हणत होते, "काय पुण्यवान आईबाप!" मी सगळ्यांना हात जोडत होतो. लग्नघरी मुलीचा बाप जोडतो तसे. तीच तेवढी सवय कामाला आली.

केस रिवाजाप्रमाणे कृष्णेत सोडायचे होते. आईनं सोडले. मी घाटावर उभा होतो. एखादी बट मागून घ्यावी, असं फार वाटलं. मागितली नाही.

मिरवणुकीआधी अल्बम दाखवला ते आठवतंय ना? तेव्हा आपण अजून चंदा होतात, म्हणून ते तसंच लिहितो. तू मांडी घालून बसलीस आणि एकेक पान उजेडाकडं धरून बघितलंस. गॉगलला हसलीस. निळ्या डागाच्या पानावर थांबलीस, "आप्पा, क्लोरोफॉर्म जास्त झाला," म्हणालीस. मला बरं वाटलं. दुकानातली माझी पोरगी बोलली.

मी म्हटलं, "हा तुझ्याजवळ ठेव."

"उद्यापासून मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. आणखी काही जवळ ठेवायचं नसतं, आप्पा."

"मग नीट बघून तरी घे."

"बघितलं." अल्बम मिटलास. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उघडून चाळलास आणि विचारलंस, "यात तुम्ही आणि आई कुठं आहात?"

मी बघितलं तर खरंच कुठं नव्हतो. इतके महिने तुझं तुझं करत मी एकाही पानावर आम्हाला घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "आम्ही घरी आहोत." त्यावर तू खाली बघितलंस. ते मी बघितलं, आणि कुणी काही म्हणो, ते माझं आहे.

आपला,
सुकुमार


सांगली, १४ मे १९७५, दुपार

प. पू. माताजींच्या चरणी वंदामि.

हे पत्र टपालानं येणार नाही. देवळात लीलाबाईंच्या हाती देतोय. संघ साताऱ्याहून कराडमार्गे पायी चालत आमच्या विश्रामबागेतच येऊन उतरला, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आपल्याला मला पत्र लिहावं लागतंय. तोंडानं बोलायची माझी लायकी आज राहिली नाही.

आपण येणार असं कळल्यापासून घर धुऊन काढलं. आहार द्यायचा तर देणाऱ्याचेही नेम असतात. कांदा-बटाटा सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, लोणचं सोडलं. अंबूबाई म्हणाल्या, "आण्णा, आता तुमीबी चाललाय का काय?" मी हसलो. मला एवढंच हवं होतं, की एक दिवस, एकच दिवस, आपण आमच्या हातचं जेवून जावं. संमतीचा कागद पाठवला तेव्हापासून मनात दुसरं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं धूतवस्त्र नेसून कलश घेऊन दारात उभे राहिलो. "वंदामि माताजी, तिष्ठ तिष्ठ," म्हटलं. आपण पुढं गेलात. वाईट वाटलं नाही. निघताना आपण मनाशी एखादी खूण धरता, ती ज्या दारात दिसेल तिथंच थांबता, आणि ती कुणाला सांगत नाही, हे मला माहीत आहे. मग दिवसभर मी तेच डोक्यात घोळवलं. आपण काय धरलं असेल? नारळ? लिंबू? आणि माझ्या मूर्ख डोक्यानं घेतलं की माझी मुलगी घरातलंच काहीतरी धरणार. दुसऱ्या दिवशी आई नको नको म्हणत असताना मी हातात अल्बम घेऊन उभा राहिलो. पहिलंच पान उघडून. ऊन त्यातून जाऊन उंबऱ्यावर पडलं होतं. आपण त्या पानाकडं बघितलंत, आणि पलीकडच्या भिंतीकडं बघावं तसं बघून पुढं गेलात. अल्बम मी कपाटात ठेवून दिला.

आज आईच्या हातात कलश आणि माझ्या हातात नारळ होता, आणि आपण थांबलात. कोणती खूण जुळली ते मला कधी कळणार नाही. प्रदक्षिणा घातल्या. मी आपले पाय धुतले. टाचांच्या भेगांत डांबर बसलं होतं. आपण पाटावर बसलात, ओंजळ पुढं केलीत. आईनं पाणी घातलं, दोन घोट. मग मी भाताचा घास ठेवला. आपण खाल्लात. दुसरा ठेवला. खाल्लात. आत मीठ होतं.

तिसरा ठेवताना माझ्यातलं काय सुटलं, मला सांगता येत नाही. आईनं आठवडाभर पढवलं होतं : घासात केस जाऊ देऊ नका, हात थरथरू देऊ नका, आणि काहीही झालं तरी रडू नका, रडण्याचा आवाज कानावर पडला की अंतराय, त्या दिवसाचं जेवण तिथंच सुटतं. मला पाठ होतं सगळं. तरी मी रडलो. डोळे पुसून मागं झालो असतो तर चाललं असतं, पण मी आवाज करून रडलो, लहान पोरासारखा, भांडं हातात घेऊन. "लेकरा" असंही काही म्हणालो म्हणे.

आपण ओंजळ सोडलीत. घास ताटात पडला. उठलात, पिंछी घेतलीत आणि माझ्याकडं बघितलंत. रागावून बघितलं असतंत तर बरं झालं असतं. आपण माझी कीव केलीत आणि त्या मे महिन्याच्या उन्हात दोन घोट पाण्यावर परत गेलात. आता उद्यापर्यंत पाण्याचा थेंब नाही. सगळ्या सांगलीत आपल्याला उपाशी ठेवणारा माणूस एकच निघाला, तो मी.

आई चुलीपुढं बसलीय. तिनंही पाणी घेतलेलं नाही.

माताजी, मी स्वतःला ओळखतो. उद्या उभा राहिलो तर उद्याही रडेन. परवाही रडेन. आपण समोर बसून ओंजळ पुढं केलीत आणि माझे डोळे कोरडे राहिले, असं या जन्मात होणार नाही. म्हणून संघ इथं असेपर्यंत सकाळच्या वेळी आमचं दार बंद राहील. मी आतून कडी घालीन. आपल्या खुणेत आमच्या घरचं काही असेल, तर ती बदला, एवढी एकच विनंती.

मागच्या गल्लीत बाहुबली मास्तरांच्या घरी आहाराचा चौका लागलाय. त्यांची बायको स्वच्छ करते, हात स्थिर आहे. त्यांनी आपल्याला लहानपणी बघितलेलं नाही. आपल्याविषयी त्यांना भक्ती आहे, दुसरं काही वाटत नाही. त्यांच्याकडं जेवा. अंबूबाई कोपऱ्यावर उभ्या राहणार आहेत. आपला आहार निर्विघ्न झाला की त्या येऊन आमचं दार वाजवतील. मग आम्ही दोघं पाणी घेऊ.

आपला,
सुकुमार